डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर: तुमचे प्रश्न

प्रश्न: वय ४१, डोंबिवली. महिन्यापूर्वी लोकलमधून उतरताना धक्का लागला आणि डोकं खांबावर आपटलं. काही सेकंद शुद्ध नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण अजून गर्दीत, पुलावर, ट्रेनमध्ये डोकं हलकं होतं, तोल जातोय असं वाटतं. रजा वाढवून झोपून राहू का?

नाही, झोपून राहू नका. सीटीत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, तोल सांभाळणारी यंत्रणा कशी चाललीय ते दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे तुमचा त्रास मनाचा आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. डोळे, आतला कान आणि पाय व मानेतून येणारी जाणीव या तिन्हीचा मेळ मेंदू लावतो, मार लागल्यावर तो बिघडतो, आणि मग दादरच्या पुलावर चारी बाजूंनी माणसं सरकायला लागली की नुसतं डोळ्यांना दिसतं त्यावर भरवसा ठेवून मेंदू गोंधळतो. हा मेळ परत बसतो तो हालचालीनेच. आराम पहिले एक-दोन दिवस, तोही घरातल्या घरात हिंडत, त्यानंतर हळूहळू वाढवायचं.

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठं अक्षर चिकटवा, हातभर लांब उभे राहा (सुरुवातीला खुर्चीत बसून केलंत तरी चालेल), नजर अक्षरावरच ठेवून मान डावी-उजवी करा. अक्षर धूसर व्हायला लागलं की वेग कमी करा. अर्धा मिनिट, दिवसातून तीनदा. थोडं गरगरणार, गरगरायलाच हवं. किती चालेल? त्रासाला शून्य ते दहा मार्क द्या, व्यायामानंतर दोन मार्कांपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात खाली आला तर डोस बरोबर आहे.

ट्रेनचंही असंच. पहिल्या दिवशीच ८.१५ ची फास्ट नको. दुपारच्या स्लो लोकलने ठाण्यापर्यंत, बसून, मोबाईल खिशात ठेवून जा आणि परत या. ते जमलं की उभं राहून. दारात मात्र अजिबात उभं राहायचं नाही.

प्रश्न: आई ६७ वर्षांची, गिरगावात राहते. बाथरूममध्ये पडली, डोक्याला टेंगूळ आलं. आता उजव्या कुशीवर वळली की अर्धा मिनिट खोली गरगर फिरते, मग थांबते. सगळे म्हणतात मानेचं आहे, पट्टा लावा.

पट्टा लावायची घाई नको. कूस बदलली की काही सेकंद गरगर आणि मग थांबली, हे वर्णन बहुतेक वेळा कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सुटल्याचं असतं. डोक्याला मार लागल्यावर हे खूप दिसतं. ईएनटी किंवा फिजिओ तुमच्या आईला पटकन आडवं करून डोळे पाहतील, डोळे ठराविक पद्धतीने थरथरले की निदान पक्कं. मग डोकं क्रमाक्रमाने वळवून खडे जागेवर नेतात, त्याला एप्ली म्हणतात, पाच-दहा मिनिटांचं काम. मार लागून झालेलं असेल तर दोन्ही कानांत असू शकतं आणि पुन्हा होऊ शकतं, म्हणून एकदा करून नाही थांबलं तर उपचार फसला असं समजू नका. मान आधी तपासून घ्या, आणि यूट्यूब बघून घरी पहिल्यांदाच करू नका.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. या वयात डोक्यात हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनी सुद्धा दिसू शकतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. डोकेदुखी वाढत चालली, आई सुस्त झाली, बोलण्यात गोंधळ, एका बाजूला ताकद कमी, सारखी उलटी, फिट यातलं काहीही दिसलं तर केईएम, नायर, जे जवळ असेल तिथे इमर्जन्सीला न्या, ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न: चक्करीची गोळी दोन महिने चालू आहे, बंद केली की भीती वाटते.

स्टेमेटिल, सिनारिझिनसारख्या गोळ्या सुरुवातीच्या उलटी-मळमळीला ठीक, पण लांबवल्या की मेंदूची तोल शिकायची प्रक्रियाच मंदावते, दिवसभर झोप येते ती वेगळीच. स्वतःहून एकदम सोडू नका. डॉक्टरांना सरळ विचारा की कमी कशी करायची, आणि त्याच आठवड्यात व्यायाम सुरू करा. भीती खरी आहे, पण मान घट्ट धरून, भिंतीला हात लावत चालणं हेही चक्कर टिकवून ठेवतं. घरच्यांनी दंडाला धरण्यापेक्षा शेजारी नुसतं चालावं.

प्रश्न: स्कूटर कधी चालवू?

मान झटकन वळवून मागे बघितल्यावर नजर स्थिर राहते का आणि चक्कर येत नाही ना, हे डॉक्टरांसमोर तपासून मगच. तोपर्यंत बेस्टची बस, खिडकीपाशी, पुढे तोंड करून.