झेंडा जाळणारा सुटतो, मग दारावर लिहिणाऱ्याला कोण विचारणार?

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मुलगा पुण्यात जन्मला, त्याचं ग्रीन कार्ड आहे. धाकटी इथलीच, जन्माने नागरिक. मागे दोघं एका निदर्शनाला गेली होती. तिथे कुणीतरी अमेरिकेचा झेंडा पेटवला. आमच्या मुलांनी हातही लावला नाही, पण मुलाने व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'हा आमचा हक्क आहे.' हे खूप चिडले. ज्यांचं मीठ खातो त्यांचाच झेंडा, असं म्हणाले. सासरे साताऱ्याहून आलेत, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तर मुलांशी बोलणंच टाकलं. त्यातच एका सकाळी गॅरेजच्या दारावर स्प्रेने 'भारतात परत जा' लिहिलेलं दिसलं. शेजारीण म्हणते हा हेट क्राइम, म्हणजे द्वेषापोटी केलेला गुन्हा आहे, तक्रार करा. ह्यांचं म्हणणं, इथे झेंडा जाळलेला चालतो, मग दारावर चार शब्द लिहिणाऱ्याला कोण विचारणार? मुलांना काय सांगू? आणि पोलिसांकडे जाऊ की गप्प बसू?

उत्तर: पोलिसांकडे जा. दाराचे फोटो आधी काढा, मगच ते पुसा. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात काही आलं असेल तर ते लगेच मागून घ्या, कारण ही रेकॉर्डिंग बऱ्याचदा थोड्याच दिवसांत आपोआप पुसली जातात. बाकीचं बोलणं लांबणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

झेंड्याची गोष्ट तुमच्या शेजारीच घडलेली आहे. १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं. ग्रेगरी ली जॉन्सन या निदर्शकाने सिटी हॉलसमोर रॉकेल ओतून झेंडा पेटवला. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्याने त्याला एक वर्ष कैद आणि २,००० डॉलर दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी जॉन्सन सुटला. निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला. त्यांच्या बाजूच्या पाचांत स्कॅलियांसारखे पक्के परंपरावादीही होते. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, चिडून त्याच वर्षी नवा कायदा केला, तोही १९९० साली तितक्याच मतांनी रद्द झाला. मग राज्यघटनाच बदलायचे प्रयत्न झाले. २००६ साली सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ६७ मतं लागत होती, ६६ पडली.

म्हणजे मुलाने लिहिलं ते कायद्याला धरून आहे. पण म्हणून आजोबांना जुनाट ठरवू नका. त्या न्यायालयातल्या चार जणांचं मत आजोबांसारखंच होतं. त्यांतले न्यायमूर्ती स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते आणि त्यांचं विरोधी मतपत्र वाचताना ते जाणवतं. शिवाय सुभेदारसाहेबांनी सगळी हयात ज्या कायद्याखाली काढली, त्या १९७१ च्या भारतीय कायद्यात तिरंगा जाहीरपणे जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. साताऱ्यात जो गुन्हा, तो इथे हक्क; हे कुणालाही एका दिवसात पचत नाही.

त्यांना डॅलसच्या त्याच प्रसंगातला एक माणूस दाखवा. निदर्शक पांगल्यावर एका बघ्याने झेंड्याचे जळके तुकडे गोळा केले आणि घरी नेऊन परसात मानाने पुरले. ब्रेनन यांनी निकालात त्याची आवर्जून दखल घेतली. झेंड्याच्या अपमानाला खरं उत्तर त्यांना तिथे दिसलं, तुरुंगात नाही. दुसरं म्हणजे, अमेरिकेच्या ध्वजसंहितेत काय किंवा भारताच्या २००२ च्या संहितेत काय, जीर्ण झालेला ध्वज सन्मानाने नष्ट करायचा तो शक्यतो जाळूनच, हे आजोबांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. आदराने जाळलं तर चालतं आणि रागाने जाळलं तर कैद, म्हणजे शिक्षा जाळण्याला नाही, मनातल्या मताला होते आहे. आजोबांना हे पटेलच असं नाही, पण मुलांशी बोलायला विषय तरी मिळेल.

(युरोपातल्या वाचकांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये. जर्मनीत राष्ट्रध्वजाच्या विटंबनेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि २०२० पासून परक्या देशाचा ध्वज जाहीरपणे जाळणंही गुन्हा आहे. डेन्मार्कची तऱ्हा आणखी निराळी, तिथे स्वतःच्या देशाचा जाळला तर चालतो, दुसऱ्याचा नाही.)

आता तुमच्या ह्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो पुष्कळांना पडतो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक मेसेज फिरतो: अमेरिकेत राष्ट्रध्वज जाळला तर सूट, पण समलिंगींचा इंद्रधनुषी झेंडा जाळला तर सोळा वर्षं. घटना खरी आहे. आयोवातल्या एम्स गावी २०१९ साली एका माणसाला तेवढी शिक्षा झाली. पण तो झेंडा त्याचा नव्हता. चर्चच्या इमारतीवरून काढून आणून त्याने तो जाळला होता, धमक्याही दिल्या होत्या. आधीच्या गुन्ह्यांमुळे तो कायद्याने सराईत गुन्हेगार ठरला होता, म्हणून शिक्षा फुगली. मला विचाराल तर एका कापडापायी सोळा वर्षं हे अतीच झालं. मात्र स्वतः विकत आणलेला झेंडा त्याने भर चौकात, कुणाला इजा न करता जाळला असता, तर तो राष्ट्राचा असो की इंद्रधनुषी, त्याच्या मतासाठी त्याला आत टाकता आलं नसतं.

गंमत अशी की डॅलसचा झेंडाही चोरलेलाच होता. दुसऱ्या एका निदर्शकाने तो एका इमारतीबाहेरून पळवून जॉन्सनच्या हातात दिला होता. पण सरकारी वकिलाने चोरीचा आरोप ठेवला नाही, फक्त विटंबनेचा ठेवला आणि तोच टिकला नाही. झेंडा चोरायला आम्ही मोकळीक देत नाही, हे न्यायालयाने तळटीपेत स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

मत वेगळं आणि गुन्हा वेगळा, हीच रेघ हेट क्राइमच्या कायद्यातही आहे. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळला गेला; कृष्णवर्णीयांना धमकावण्याची ही जुनी वंशद्वेषी रीत. शहराच्या ज्या नियमाखाली खटला भरला तो नियम १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण तो ठरावीक विचारांनाच वेगळं काढून शिक्षा करत होता. जाळपोळीचे, धमकीचे साधे कायदे हाताशी होतेच. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या खटल्यात मात्र सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की मारहाण हा मुळातच गुन्हा आहे, आणि माणूस त्याच्या वंशामुळे निवडून मारला असेल तर शिक्षा वाढवता येते. त्या खटल्यात मार खाणारा मुलगा गोरा होता आणि आरोपी कृष्णवर्णीय. कायदा फक्त एकाच बाजूचा, असं म्हणणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं. हेतू शोधणं म्हणजे विचारालाच शिक्षा, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो मला अगदीच फोल वाटत नाही. म्हणूनच हेतूचा पुरावा भक्कम लागतो.

प्लेनोतलाच प्रसंग घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये एका बाईने भारतीय वंशाच्या बायकांना शिव्या दिल्या आणि हात उचलला. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. नुसत्या 'मला भारतीय आवडत नाहीत' एवढ्यावर तिला अटक झाली नसती. हात उचलला, धमकावलं, म्हणून झाली.

तुमच्या गॅरेजचं दार तुमचं आहे. परवानगीशिवाय ते रंगवणं हा गुन्हा, मग तिथे 'परत जा' लिहिलेलं असो की गुलाबाचं फूल काढलेलं. टेक्सासमधल्याच जास्पर गावात १९९८ साली वंशद्वेषातून क्रूरपणे मारल्या गेलेल्या जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाच्या नावाचा कायदा टेक्सासने २००१ साली केला. त्यानुसार द्वेषाचा हेतू सिद्ध झाला तर गुन्ह्याची शिक्षा वाढते. तक्रारीत मजकूर शब्दशः लिहून घ्यायला सांगा आणि वंशद्वेषाचा संशय असल्याची नोंद करवून घ्या. लिहिणारा सापडेलच असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा सापडत नाही. पण न नोंदवलेली घटना सरकारदरबारी घडलेलीच नसते. एफबीआयच्या आकडेवारीत हिंदूविरोधी आणि शीखविरोधी गुन्ह्यांची वेगळी नोंदच मुळी २०१५ पासून होते. आणि गप्प बसल्याने अशी माणसं शांत होतात, असा अनुभव नाही. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' टोळीने वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहर सोडायला लावण्याची उघड धमकी दिली होती. त्याच वर्षी तरुण नवरोज मोदी मारहाणीत गेला. तिथली आपली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे या हल्ल्यांकडे नीट पाहिलं गेलं.

राहिला मीठ खाण्याचा मुद्दा. मला वाटतं, तुमच्या ह्यांना झेंड्यापेक्षा मुलाची भीती वाटते आणि ती नैतिकतेच्या भाषेत बाहेर पडते. भीती वाटते असं सरळ सांगितलेलं बरं, कारण ती खोटी नाही. २५ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी झेंडा जाळण्याविरुद्ध एक आदेश काढला. त्याने न्यायालयाचा निकाल बदलत नाही, पण आग लावण्याचे, नासधुशीचे इतर कायदे वापरून खटले भरा, असं त्यात आहे. परदेशी नागरिकांबाबत, कायद्याने शक्य असेल तिथे, व्हिसा, निवास परवाना आणि नागरिकत्वाची प्रक्रिया अडवायलाही सांगितलं आहे. कोलंबिया विद्यापीठातले पॅलेस्टाइन-समर्थक निदर्शक महमूद खलील ग्रीन कार्डधारक होते. मार्च २०२५ मध्ये त्यांना पकडलं. फौजदारी आरोप एकही नसताना ते तीन महिन्यांहून जास्त काळ कोठडीत राहिले.

तेव्हा दोन्ही मुलांना एकच उपदेश करू नका. धाकटीला नागरिक म्हणून निदर्शनात जाण्याची जेवढी मोकळीक आहे, तेवढीच मोकळीक कागदावर थोरल्यालाही आहे, पण ती वापरण्याची किंमत त्याला वेगळी पडू शकते. ही विषमता अन्यायकारक आहे, असं तो म्हणेल. म्हणू द्या, मलाही तसंच वाटतं. व्हिडिओ काढणं म्हणजे झेंडा जाळणं नव्हे, त्यामुळे घाबरून रातोरात सगळं पुसत बसू नका. नागरिकत्वाचा अर्ज जवळ आला असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला ती पोस्ट दाखवा. पुढच्या निदर्शनाला जाताना वकिलाचा नंबर त्याच्या खिशात कागदावर असू द्या, फोन जप्त होऊ शकतो. पोलिसांनी पांगायला सांगितलं की त्याने निघायचं, वाद घालत थांबायचं नाही. नागरिकत्वाच्या अर्जात अटक झाली होती का, हा प्रश्न असतोच, आणि आरोप मागे घेतले गेले तरी त्याचं उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं.