हरलेल्या क्लेमचं अपील मुलीच्या नावावर नको

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी डिचोली तालुक्यातला. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत 74 टक्के. कर्ज काढून घेतलेली माझी बार्ज (खनिज वाहणारी सपाट बोट) 2008 च्या जूनमध्ये सारमानसच्या धक्क्याला बांधलेली असताना रात्री दुसरी बार्ज धडकून बुडाली. कोणी दगावलं नाही, पण मी संपलो. 2009 मध्ये विमा कंपनीने कळवलं, एक पैसा मिळणार नाही. कारण काय, तर 1 जूननंतर आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखाजवळचा वाळूचा उथळ पट्टा, ओलांडायचा नाही अशी पॉलिसीत अट होती आणि माझी बार्ज चार दिवसांपूर्वी बार ओलांडून मुरगावला गेली होती. गेली होती, पण सुखरूप परतही आली होती! मुलीने वकील व्हावं आणि या लोकांना कोर्टात उभं करावं ही माझी इच्छा. ती म्हणते मरीन सर्व्हेअर होणार, जहाजांच्या नुकसानीची पाहणी करणार. म्हणजे ज्याने माझा क्लेम मारला त्याच्याच पंगतीला बसणार. शिवाय जहाजं काय रोज बुडतात? पोट कसं भरणार? तिला चार शब्द समजावून सांगा. तिने हट्टाने लिहिलेलं एक पान सोबत जोडतो.

उत्तर: नमस्कार. तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली तीन पानं बार्जवर आहेत. मुलीचे मार्क एका ओळीत येतात, तिला काय आवडतं ते कुठेच येत नाही. चार शब्द समजावायला मी तयार आहे, पण ते तुम्हाला.

तुम्ही मुलीसाठी करिअर शोधत नाही आहात, हरलेल्या क्लेमचं अपील तिच्या नावाने दाखल करताय. आणि त्या अपिलाला अर्थ उरलेला नाही. विम्याच्या दाव्यासाठी दिवाणी कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची असते. 2009 मध्ये नकार आला म्हणजे 2012 मध्ये, गोव्यातल्या खाणी बंद पडल्या त्याच वर्षी, तुमचा दावाही मेला. ती काळा कोट घालून बाहेर पडेल तेव्हा तुमच्या बाजूने उभं राहायला तिच्याकडे खटलाच नसेल. मग पाच वर्षांचं शिक्षण कशासाठी? दुसऱ्यांच्या क्लेममध्ये तुमचा राग शोधत फिरण्यासाठी?

बार्ज बुडाली तेव्हा ही मुलगी पाळण्यात होती. तिने पानात लिहिलंय, "टीव्हीवर विम्याची जाहिरात लागली की बाबा रिमोट शोधतात." या घरात ती सतरा वर्षं वाढली आहे. तुमचं दुःख खोटं नाही. कर्जाची बार्ज आणि नंतर खाणबंदी, या दोन्हींखाली चिरडलेली माणसं मी डिचोली-सत्तरीत बरीच पाहिली आहेत. पण लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टीकडे या मुलीने पाठ फिरवली नाही. ती उठली आणि कपाटातली फाईल काढून बसली. तुम्ही ती फाईल कधी वाचली आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही. वाचली असती तर 'ज्याने माझा क्लेम मारला' हे वाक्य तुम्ही लिहिलं नसतं.

सर्व्हेअरच्या रिपोर्टमधले दोन परिच्छेद मुलीने स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेत. त्याने लिहिलंय की बार्ज नीट बांधलेली होती, दोर सुस्थितीत होते, उजव्या कुशीचा पत्रा बाहेरून आत दबलाय, म्हणजे धडक बाहेरून बसली. नुकसानीचा आकडाही त्याने काढून दिलाय. अहो, त्या माणसाने तुमच्या बाजूने लिहिलंय! सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा हस्तक, क्लेम कापायला पाठवलेला, हा गैरसमज गोव्यात काय आणि मुंबईत काय, सगळीकडे आहे. त्याची फी कंपनी देते हे खरं, पण त्याचा परवाना विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा असतो आणि तो कंपनीच्या पगारावर नसतो. काय घडलं, कशामुळे घडलं, किती नुकसान झालं, हे त्याने सांगायचं. पैसे द्यायचे की नाही हे कंपनी ठरवते. तुमच्या बाबतीत सर्व्हेअरचं काम संपलं तिथून पुढे पॉलिसीतलं एक वाक्य आडवं आलं. सतरा वर्षं तुम्ही शिव्या घालताय त्या भलत्याच माणसाला.

आता त्या वाक्याकडे येते, कारण मुलीचं सगळं पान त्याच्यावरच आहे. विम्याच्या भाषेत अशा अटीला वॉरंटी म्हणतात. मिक्सरसोबत मिळते ती वॉरंटी वेगळी. तिथे हमी दुकानदाराची असते, इथे हमी तुम्ही दिलेली असते. आपला सागरी विमा कायदा 1963 चा, आणि तो इंग्लंडच्या 1906 च्या कायद्यावर जवळजवळ शब्दशः बेतलेला. तो म्हणतो की वॉरंटी तंतोतंत पाळायची, मग ती धोक्याच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. मोडली की त्या क्षणापासून कंपनी मोकळी. नुकसान होण्याआधी चूक सुधारली होती, बार्ज परत नदीत आली होती, हा बचाव चालत नाही. धडकेचा आणि बारचा काही संबंध नव्हता, हाही नाही. मांडवी आणि जुवारीला आतून जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात बार्जींची रांग लागली होती म्हणून तुम्ही बारवरून गेलात, हे मला समजतं. कायद्याला ते ऐकायचं नसतं. कंपनीने तुम्हाला लुबाडलं नाही. तिने कायद्याने दिलेला हक्क निर्दयपणे वापरला. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुमच्याआधी तुमच्या मुलीला कळलाय.

पानाच्या शेवटी तिने विचारलंय: "ज्या इंग्लंडकडून आपण हा कायदा घेतला त्यांनी तो 2015 मध्ये बदलला. आता तिथे अट मोडली आणि नंतर दुरुस्त झाली तर संरक्षण पुन्हा सुरू होतं. मग बाबांची बार्ज आज तिथे बुडाली असती तर पैसे मिळाले असते का?"

बहुधा मिळाले असते. मी हे वाक्य वाचून चष्मा काढून ठेवला. बारावीच्या मुलीने कोणी न शिकवता हा प्रश्न काढलाय. एवढं कळल्यावर तिचे 74 टक्के मला फारसे महत्त्वाचे वाटत नाहीत.

जहाजं रोज बुडत नाहीत, खरंय. हे काम बुडण्यावर चालतही नाही. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं. बुडालं नाही, तरी मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज आणि माल वाचवायला जो खर्च झाला तो जहाजमालकाने आणि ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर होता त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, स्वतःच्या कंटेनरला ओरखडाही गेला नसला तरी. (याचं मराठी 'सर्वसाधारण सरासरी' असं केलेलं मी एकदा वाचलं आणि अर्धा दिवस हसत होते.) हजारो मालवाल्यांचा हिशेब मांडायला माणसं लागतात आणि वर्षं लागतात. 2025 च्या मे महिन्यात एमएससी एल्सा 3 केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं. केरळ सरकारने हायकोर्टात 9,531 कोटींचा दावा लावला आणि त्यात त्याच कंपनीचं दुसरं जहाज अटकवलं गेलं. हो, जहाजाला अटक होते, आपल्याकडे त्यासाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे.

आणि लांब कशाला, कांदोळीला जाऊन या. 6 जून 2000 रोजी रिव्हर प्रिन्सेस हे जहाज तिथे वाळूत रुतलं आणि 2012 पर्यंत हललं नाही. बारा वर्षं पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढत होते आणि वाळू सरकत होती. जहाजाच्या किमतीचा विमा, म्हणजे हल पॉलिसी, ही एक गोष्ट. सांगाडा उचलायचा खर्च, तेल सांडलं तर मच्छीमारांची भरपाई, हे साधारणपणे तिच्यात येत नाही. त्यासाठी जहाजमालकांनी एकत्र येऊन चालवलेले पी अँड आय क्लब असतात, आणि त्यांचे नियम हे वेगळंच जंगल. आतल्या मालाचा विमा तिसऱ्याचा. 2019 मध्ये नाफ्ता हे ज्वालाग्राही तेल भरलेलं नू शी नलिनी दोनापावलजवळ खडकात येऊन बसलं, जहाजावर एकही माणूस नव्हता. तेव्हा पणजीत सगळे विचारत होते, स्फोट होईल का? झाला तर पैसे कोण देणार, हे विचारणारं कोणी मला भेटलं नाही. तुमच्या मुलीने विचारलं असतं.

म्हणूनच आता मी तिच्याही विरोधात जाते. तिला मरीन सर्व्हेअर व्हायचंय म्हणते, आणि मला ते पटत नाही. जहाजाच्या हलचा, म्हणजे बाहेरच्या ढाच्याचा, सर्व्हे करायचा तर आधी सागरी अभियांत्रिकी किंवा जहाजबांधणीचं शिक्षण हवं, समुद्रावरची नोकरी केलेली असली तर उत्तम. टाकीत उतरायचं, हातोडीने पत्रा ठोकून बघायचा, गंज खरवडायचा. मुली हे करतात, मुलगी म्हणून मी हे म्हणत नाही. पण तिच्या पानात पत्र्याच्या जाडीबद्दल एक अक्षर नाही. दबलेली कूस तिने रिपोर्टमधून उतरवली आणि सोडून दिली. स्वतःच्या शब्दांत लिहायला लागली ते 'अट' या शब्दापासून. तिला बार्जचं भोक खुणावत नाही, पॉलिसीचं वाक्य खुणावतं. सर्व्हेअर तिला आवडला तो खरं बोलला म्हणून. ते चांगलंच आहे, पण म्हणून तिने बॉयलरसूट चढवायचं कारण नाही.

तेव्हा कायदाच. बघा, तुमच्याच दारात येऊन थांबले. क्लॅटला, म्हणजे कायद्याच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला, बसू दे, नाही जमलं तर गोव्यातही पाच वर्षांचा कोर्स आहे, मिरामारला आणि मडगावला. सोबत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा एकेक देत राहावं. पदवीनंतर मुंबईत सागरी कायद्याच्या एखाद्या ऑफिसात दोन वर्षं राबावं, पगार सुरुवातीला बेताचा असेल. इंजिन रूमचं वेड खरंच असेल तर मात्र आयएमयू-सीईटी, म्हणजे सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. तिला एकदा विचारा, भोक की वाक्य.

फक्त एक गोष्ट आत्ताच मान्य करा. सागरी विम्यातले वकील दोन्ही बाजूंनी काम करतात. उद्या ती विमा कंपनीच्या बाजूने उभी राहील आणि कोणा बार्जवाल्याने अट मोडली म्हणून त्याचा क्लेम नाकारा असं कोर्टाला सांगेल. कदाचित तो बार्जवाला डिचोलीचाच असेल. त्या दिवशी ती घरी आली तर जेवायला वाढाल ना? याचं उत्तर 'नाही' असेल तर तिला फार्मसीला घाला आणि मोकळे व्हा.

अजून एक. तुमच्या बार्जला धडकली त्या बार्जच्या मालकावर दावा लावायची वाट तेव्हा मोकळी होती. पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल चारच शब्द लिहिलेत, "तो आपल्याच गावचा माणूस." त्याला सोडलंत, कारण तो रोज बाजारात भेटतो. कंपनी भेटत नाही म्हणून सगळा राग तिच्यावर. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, पण मुलीला हे सांगितलंय का? तिच्या पानात तो माणूस नाही.

मूळ पॉलिसी हरवली असं तुम्ही लिहिलंय. बार्ज गहाण होती, तेव्हा कर्ज देणाऱ्या बँकेने पॉलिसीची प्रत घेतली असणार. इतक्या वर्षांनी सापडेलच असं नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन जा. अर्ज तिला लिहू द्या, खाली सही तुमची. कागद मिळाला तर अट नेमकी कोणत्या शब्दांत होती ते मलाही कळवा. 'ओलांडणार नाही' होतं की 'पूर्वपरवानगीशिवाय ओलांडणार नाही', हे मला कालपासून सतावतंय.