विचारा, सांगते : चोरलच्या जंगलातून दूरचा रेडिओ

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत परदेशी रेडिओ केंद्रांची क्यूएसएल कार्डं सापडली. प्रसारण ऐकून कळवलं की केंद्रं पोच म्हणून ती पाठवायची, असं आजी सांगते. ती पाहून मी टेकसनचा छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला, पण लोकमान्य नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक बँडवर नुसती घरघर येते. थंडीत मित्राबरोबर चोरलच्या जंगलात एक रात्र काढावी म्हणतो. जंगलात खरंच जास्त केंद्रं लागतात का? तार किती लांब हवी? आणि अशी कार्डं आता मिळतात का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : जा, नक्की जा. फक्त आधी एक समजून घ्या. झाडांमुळे रेडिओला काही बळ येत नाही. तिथे जे नसतं, त्यासाठी जायचं. तुमच्या फ्लॅटमधली घरघर एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा आणि लिफ्ट यांची आहे. त्यांच्या आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याचा गोंगाट थेट शॉर्टवेव्हच्या 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. आजोबांच्या तरुणपणी इंदुरात यातलं काहीच नव्हतं. वाड्याच्या गच्चीवर तार बांधली की कोलंबो, लंडन, मॉस्को घरात. त्यांना घरबसल्या मिळालं त्यासाठी तुम्हाला खंडवा रोडने चाळीसेक किलोमीटर जावं लागणार, याचं मला वाईट वाटतं. पण ते अजून मिळतं.

म्हणून जागा बघताना गर्द सागवान शोधू नका, मोकळा माळ किंवा तळ्याचा काठ बघा. अकरा हजार व्होल्टची लाइन निदान अर्धा किलोमीटर दूर हवी. थंडीत गव्हाला पाणी द्यायला रात्रीही मोटारी चालतात, तेव्हा विहिरीजवळ बसू नका. रानडुकरं आणि नीलगाईंसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन तर हमखास फसवतं. साधारण सेकंदाला एक ठोका, आणि तो सगळ्या बँडवर. दुसरीकडे चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्रही सेकंदाला एक टिक देतं, पण ते 5, 10 आणि 15 मेगाहर्ट्झवर नेमक्या जागीच सापडतं. सुई थोडी हलवा. टिकटिक गेली तर बीपीएम, तशीच राहिली तर शेजारचं शेत.

राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढू नका. त्या भागात बिबटे आहेत. ओळखीच्या कुणाचं जंगलाला लागून असलेलं शेत सगळ्यात चांगलं. महूच्या छावणीच्या आसपास तार ताणून बसायचं नाही. तिथे सैन्याचं दूरसंचार महाविद्यालय आहे आणि उगाच चौकशीला तोंड द्यावं लागेल. ऐकायला मात्र परवाना लागत नाही. पूर्वी रेडिओचं लायसन्स असायचं आणि पोस्टात पैसे भरावे लागत, ते ऐंशीच्या दशकातच रद्द झालं.

तार साधी घ्या, वीस मीटर पुरे. एक टोक रेडिओच्या अँटेनाच्या जॅकला, दुसरं सुती दोरीने झाडाला. सागाला खिळे ठोकू नका. फिनलंडच्या उत्तरेला, इनारी तळ्याकाठच्या जंगलात श्रोते जमिनीपासून थोड्या उंचीवर एकेक किलोमीटर तार ताणतात, हे तुमच्या वाचनात येईलच. त्या अँटेनाला बेव्हरेज म्हणतात. हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याला तिचं पेटंट 1921 मध्ये मिळालं. पण ती मंडळी मुख्यतः मीडियमवेव्हवरची अमेरिकेतली गावोगावची केंद्रं शोधतात, आणि ऐन हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नसल्याने त्यांना भरदुपारीही ती मिळतात. छोट्या रेडिओला एवढी तार लावली तर जवळची बलवान केंद्रं सगळीकडे घुसतील. वीस मीटरनेही तसं झालं तर डीएक्सचं (म्हणजे दूरच्या केंद्रांचं) बटण लोकलवर करा. मोबाइल आणि पॉवर बँक गाडीत ठेवा आणि गाडीचं इंजिन बंद करा. वीज चमकताना दिसली तर तार लगेच काढून टाका.

आता वेळ, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. दिवसा सूर्यामुळे 60 ते 90 किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो, तो खालच्या बँडच्या लहरी शोषून टाकतो. सूर्य मावळला की थोड्याच वेळात तो विरतो. त्याच्या वरचा, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा थर रात्रभर टिकतो आणि लहरींना परत जमिनीकडे वळवतो. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर. बीपीएम साडेतीन हजार किलोमीटरवर, म्हणजे एका उडीत. रेडिओ न्यूझीलंड पॅसिफिक साडेबारा हजारांच्या जवळपास, म्हणजे तीन-चार उड्या, तेही 100 किलोवॅटवर आणि रोख पॅसिफिकच्या बेटांकडे, आपल्याकडे नाही. असं आपल्यासाठी नसलेलं केंद्र कानावर आलं की अंगावर काटा येतो, मला अजूनही येतो.

तेव्हा दुपारी 19 आणि 16 मीटरचे बँड फिरवा (बँडची ही नावं लहरीच्या लांबीवरून), अंधार पडताच 31, 41, 49 मीटरवर या, आणि पहाटे झोपू नका. चारपासून उजाडेपर्यंत 11780 किलोहर्ट्झवर ब्राझीलचं पोर्तुगीज भाषेतलं केंद्र रादिओ नॅसिओनाल दा अमॅझोनिया शोधा. तिथे तेव्हा संध्याकाळ उलटलेली असते आणि मधला चौदा हजार किलोमीटरचा सगळा मार्ग अंधारात असतो. मिळेलच असं नाही. पण मिळालं तर एवढ्याच वेळात मिळेल. थंडी निवडलीत हे उत्तम. पावसाळ्यात शेकडो किलोमीटरवरच्या विजांची कडकडही याच वाटेने येते.

कार्डं मिळतात. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल आणि रेडिओ तैवान इंटरनॅशनल ही परंपरा पाळून आहेत. पत्रात वारंवारता, तारीख, वेळ आणि ऐकण्याचा दर्जा हवाच, पण कार्यक्रमात काय ऐकलंत ते चार ओळी जरूर लिहा, खरा पुरावा तोच. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे पाचला ऐकलंत तर यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा होतात, तेव्हा तारीखही आदलीच घाला. आजोबांची कार्डं वहीत चिकटवू नका, मागच्या बाजूच्या नोंदी जातील.

प्रश्न : आमच्या जुन्या सेटवर बीबीसी हिंदी वर्षानुवर्षं लागत असे. आता लागत नाही. मेकॅनिक म्हणतो सेट गेला, भंगारात द्या. देऊ का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : देऊ नका. बीबीसीने हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 रोजी बंद केलं. रेडिओ ऑस्ट्रेलियाचं शॉर्टवेव्ह प्रसारणही 2017 मध्ये त्याच तारखेला थांबलं होतं. केंद्रच नसेल तर सेटने काय लावायचं! संध्याकाळी सातनंतर घरातले एलईडी दिवे थोडा वेळ बंद करा आणि 31 आणि 41 मीटरचा पट्टा सावकाश फिरवा. चायना रेडिओ इंटरनॅशनल तिथे अनेक ठिकाणी जोरात येतं. ते स्वच्छ ऐकू आलं तर सेट ठणठणीत आहे. दोन्ही पट्टे कोरडे गेले, तर आधी मागची एरियलची तार तुटली आहे का ते पाहा, मग मेकॅनिक.