सासऱ्यांची शुगर आणि भाताचं पातेलं

टोरांटोहून एका सूनबाईनं विचारलंय, सासरे कोल्हापुरातनं सहा महिन्यांसाठी आलेत, शुगर आहे, आणि ताटात भात नसला की म्हणतात आज जेवलोच नाही. भात पूर्ण बंद करू का?

अगं नको. बंद केलास की रात्री फ्रीज उघडून उभ्या उभ्या खातील, आमच्या घरात हे झालंय. भात राहू दे, फक्त पातेल्यात त्याचं राज्य नको.

मी मसालेभात कसा करते ते सांगते. चार माणसांना 120 ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे माणशी 30, आणि हे काट्यावर मोज बरं का, कारण तिकडचा कप आपल्या वाटीपेक्षा मोठा असतो आणि राईस कुकरचा कप आणखी वेगळा, अंदाजानं घेतलंस की दुप्पट भात होतो. 30 ग्रॅम तांदळात साधारण 24 ग्रॅम कार्ब येतात. बासमती घे, लांब दाण्याचा. सासरे आजऱ्याचा घनसाळ मागतील आणि वर सांगतील त्याला जीआय मिळालाय, पण तो जीआय गावाच्या नावाचा, म्हणजे भौगोलिक मानांकन, शुगरचा जीआय वेगळा, म्हणजे खाल्ल्यावर शुगर किती पटकन चढते त्याचा आकडा! ब्राऊन राईस चालतो, पण तोही भातच आहे, म्हणून दोन वाढप घ्यायचे नाहीत.

तांदूळ वीस मिनिटं भिजव. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग कांदा, त्यात दोन वाट्या मोड आलेली मटकी चांगली परत, मग वांगी, फ्लॉवर, तोंडली (फ्रोझन चालतील) मिळून तीन-चार वाट्या, आणि दीड चमचा चटणी. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, लाल तिखट नव्हे, तुला माहितीय पण बाकीच्यांसाठी सांगितलं. तांदूळ घालून दोन मिनिटं परत, तांदळाच्या दुप्पट गरम पाणी, मीठ, झाकण, मंद गॅस. शिट्ट्या नकोत. गिच्च शिजलेला भात पटकन पचतो आणि शुगर पटकन चढते, दाणा मोकळा दिसला पाहिजे. वर कोथिंबीर, लिंबू. काजू, बटाटा राहू दे.

वाढताना आधी काकडीची कोशिंबीर आणि एखादं उकडलेलं अंडं किंवा चिकनचा तुकडा खाऊ दे, भात शेवटी. एवढ्यानं सुद्धा जेवणानंतरची शुगर कमी चढते. उरलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून फोडणीचा भात कर. गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च लवकर पचत नाही, तेवढा फायदा, चमत्कार काही नाही. पण रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकूनच दे, त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष गरम करून जात नाही.

आता मशीनचं. माझा भाऊ मुलाकडं कॅनडात गेला तेव्हा घाबरून फोन, "अगं शुगर 11 आली, संपलो की काय!" तिकडचं मशीन वेगळ्या मापात दाखवतं, आकड्याला 18 नं गुण, म्हणजे त्याची 198 होती. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा, बऱ्याच जणांना 10 च्या आत, म्हणजे 180 च्या आत ठेवायला सांगतात, सासऱ्यांचा आकडा मात्र त्यांच्या डॉक्टरलाच विचार.

आणि एक, ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेत असतील तर भात एकदम अर्ध्यावर आणू नकोस, आधी इकडच्या डॉक्टरना फोन करून डोस विचार. घाम फुटला, हात थरथरले की लगेच तपास, तिकडच्या मशीनवर 3.9 च्या, म्हणजे आपल्या 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून दे, पंधरा मिनिटांनी परत तपास.

चटणी संपली असेल तर इकडनं येणाऱ्या कुणाकडं तरी दे म्हणावं सासूबाईंना, पण दोन पिशव्यांत बांधून, माझ्या भावाचे तीन पांढरे शर्ट अजून गुलाबी आहेत.