उमीची आई आणि उमीची राणी

प्रश्न : हवाईचा प्राचीन अधिपती उमी हा सामान्य स्त्रीच्या पोटी जन्मूनही सत्तेवर आला आणि त्याने आपल्या सावत्र बहिणीशी लग्न केले, असे वाचनात आले. यात तथ्य किती? आणि लोकांनी हे चालवून कसे घेतले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हवाईच्या मौखिक परंपरेत या दोन्ही गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात, शिवाय पहिलीमुळेच दुसरी घडली, असे आम्हांस वाटते. ही परंपरा सॅम्युएल कामाकाऊ यांच्यासारख्या हवाईयन लेखकांनी १९व्या शतकात लिहून ठेवली, तर उमीचा काळ साधारण १५व्या-१६व्या शतकाचा मानतात. त्यामुळे कथेतले संवाद शब्दशः घेऊ नयेत.

उमीचा पिता लिलोआ हा हवाई बेटाचा ‘अलीई नुई’, म्हणजे सर्वोच्च अधिपती, आणि त्याचे ठाणे वाइपिओच्या खोऱ्यात होते. हामाकुआ भागात ओढ्यावर त्याला अकाही ही तरुणी भेटली. निघताना त्याने पोटातल्या बाळासाठी खूण म्हणून आपला लंगोट, व्हेलच्या दाताचा गळ्यातला अलंकार आणि सोटा तिच्या हवाली केला व स्वतः पानांचा लंगोट लावून परतला, तेव्हा महाराजांचे डोके फिरले की काय, अशी शंका सेवकांना आली. (सर्व कथेत हाच तपशील आम्हांस सर्वांत अस्सल वाटतो.) अकाहीच्या नवऱ्याला मात्र मुलगा आपलाच वाटे. घरातले अन्न सवंगड्यांना वाटून टाकल्याबद्दल तो उमीला मारू लागला, तेव्हा अकाहीने त्याला बजावले, की हा तुमचा मुलगा नव्हे, तुमचा धनी आहे.

पुढे उमी वाइपिओला गेला आणि कुंपण ओलांडून थेट लिलोआच्या मांडीवर जाऊन बसला. ‘कापू’ म्हणजे निषेधाचे नियम असे कडक, की या धाडसाला मृत्युदंडच होता. खुणांनी त्याला वाचवले.

मरताना लिलोआने राज्य थोरला मुलगा हाकाऊ याला दिले आणि युद्धदेव कूकाइलीमोकू, म्हणजे त्याची मूर्ती, उमीच्या स्वाधीन केला. हाकाऊने जुलूम आरंभला, धाकट्याला हिणकुळीचा म्हणून हिणवले, आणि शेवटी उमीच्या माणसांच्या हातून तो मारला गेला.

आता लग्नाविषयी. तिथे कुळाचा दर्जा पित्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मातेकडून मोजला जाई. उमीची खोट नेमकी तिथेच होती. कापुकिनी ही लिलोआचीच मुलगी, पण उच्च कुळातली. तिच्याशी लग्न केल्याने पुढच्या पिढीचा दर्जा सावरणार होता. भाऊ-बहिणीचा असा विवाह सामान्यांना वर्ज्य, उच्च अलीईंमध्ये, म्हणजे अधिपतींच्या कुळांत, मात्र प्रतिष्ठेचा समजला जाई. उमीच्या आणखीही बायका होत्या. त्यांपैकी शेजारच्या माउई बेटाचा अधिपती पिइलानी याची मुलगी पिइकेआ हिच्या भावाला गादी मिळवून देण्यासाठी उमीने माउईतल्या हानावर स्वारी केली. गादी मात्र कापुकिनीच्या मुलांकडे गेली: आधी केआलीइओकालोआ, मग केआवेनुइआउमी. याच केआवेनुइआउमीच्या वंशात पुढे सारी हवाई बेटे एका राज्याखाली आणणारा कामेहामेहा पहिला जन्मला. त्याच्याही वाट्याला प्रथम राज्य नव्हे, तर तोच युद्धदेव आला होता, आणि १७८२मध्ये राज्याचा वारस किवालाओ त्याच्याविरुद्धच्या लढाईत पडला.