नॉर्वेच्या आ-हा या बँडचा पहिला अल्बम खरोखर दर्जेदार होता, की केवळ एका व्हिडिओमुळे खपला?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी ‘टेक ऑन मी’चा पेन्सिलच्या रेखाचित्रांचा व्हिडिओ आधी पाहिलेला असतो आणि अल्बम नंतर ऐकलेला असतो, किंवा ऐकलेलाच नसतो. माझ्या बाबतीत हा क्रम उलटा घडला, म्हणून उत्तर लिहीत आहे. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. १९८६ च्या गणपतीत ते गुहागर तालुक्यातील आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी साबण, अत्तर आणि लवंगी मिरचीएवढ्या टॉर्चसोबत ‘हंटिंग हाय अँड लो’ या त्याच पहिल्या अल्बमची मूळ कॅसेट आणली होती. आमच्या वाडीत त्या वेळी टीव्ही नव्हता आणि गाण्याचा व्हिडिओ काढतात हेही मला ठाऊक नव्हते. केबल आली ती नव्वदच्या दशकात. तोपर्यंत या तिघांची ओळख म्हणजे कॅसेटच्या वेष्टनावरचा कृष्णधवल फोटो, एवढीच होती.

माझे मत आधीच सांगतो. व्हिडिओमुळे एक गाणे खपले आणि त्या गाण्यामुळे अल्बम घरोघरी पोहोचला, हे निर्विवाद आहे. परंतु त्यातील निम्मा अल्बम त्या गाण्याहून सरस आहे, आणि व्हिडिओच्या प्रसिद्धीमुळे नुकसान झाले असेल तर ते याच निम्म्या भागाचे झाले.

व्हिडिओशिवाय ते गाणे चालत नव्हते, हा आक्षेप इतिहासाला धरून आहे. मॉर्टन हार्केट, मॅग्ने फुरुहोल्मेन आणि पॉल वॉक्टार हे ऑस्लोचे तीन तरुण नशीब काढायला लंडनला गेले. कीबोर्डवरची ती प्रसिद्ध सुरावट तर आ-हा स्थापन होण्यापूर्वीची, पॉल आणि मॅग्ने यांच्या ब्रिजेस या आधीच्या बँडच्या काळातली आहे. टोनी मॅन्सफिल्ड यांच्या निर्मितीखाली हे गाणे १९८४ मध्ये बाजारात आले. नॉर्वेत ते चांगले चालले, ब्रिटनमध्ये मात्र पडले. मग ॲलन टार्नी यांच्याकडून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करून घेण्यात आले, आणि ब्रिटनमध्ये तेही पडले. त्यानंतर अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सने स्टीव्ह बॅरन यांना व्हिडिओचे काम दिले. चित्रित केलेल्या दृश्यांवरून सुमारे ३,००० चौकटी हाताने रेखाटण्यात आल्या आणि त्याला सोळा आठवडे लागले. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. पहिली जागा जेनिफर रश यांच्या ‘द पॉवर ऑफ लव्ह’ने अडवून धरली होती. पुढच्या वर्षी एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांत एकट्या या गाण्याला सहा पुरस्कार मिळाले.

पण तिसऱ्या खेपेला जे चालले ते टार्नी यांचे ध्वनिमुद्रण होते, हे लोक विसरतात. मॅन्सफिल्ड यांची आवृत्ती मी बऱ्याच वर्षांनी ऐकली. ती वरण-भातात मीठ विसरावे तशी आहे. मी तरुणपणी गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवत असे, त्यामुळे ती सुरावट मला कानांपेक्षा बोटांनी अधिक कळली. टार्नी यांच्या आवृत्तीत मॅग्ने यांनी ती रोलँड कंपनीच्या जुनो-६० या सिंथेसायझरवर वाजवली आहे, आणि तिचे तुटक, टिपऱ्यांसारखे पडणारे स्वर बेंजोच्या बटनांवर इतके चपखल बसतात की एका विसर्जनाच्या मिरवणुकीत आम्ही ती दोन हिंदी गाण्यांच्या मध्ये घुसडली होती. कोणी काही विचारले नाही. पोरे नाचत राहिली. व्हिडिओ न पाहता ती सुरावट माणसांना नाचवू शकते, याचा एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

ध्रुवपदाविषयी गाणाऱ्या मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पाश्चात्त्य ‘ए’ स्वराला षड्ज मानले, तर हार्केट ध्रुवपदाचा पहिला शब्द मंद्र षड्जावर उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढत शेवटचा शब्द तार पंचमावर, खोट्या आवाजात का होईना, पण न फाटता नेऊन ठेवतात. म्हणजे एका ध्रुवपदात सुमारे अडीच सप्तके होतात. आमच्या ऑर्केस्ट्रातील एका चांगल्या गायकाने हे गाणे बसवायचा प्रयत्न केला होता. खालचे साधले तर वरचे साधेना, आणि शेवटी त्याने ते सोडून दिले.

आता अल्बमकडे येतो. त्यात दहा गाणी आहेत, आणि व्हिडिओ पाहून ज्याने हसऱ्या, उडत्या चालींची अपेक्षा केली असेल त्याला त्यांपैकी बरीच गाणी उदास वाटतील. ‘ट्रेन ऑफ थॉट’मधला रोज त्याच वाटेने कामावर जाणारा माणूस, शीर्षकगीतातला हताश शोध, ‘लिव्हिंग अ बॉइज ॲडव्हेंचर टेल’मधला कोवळा एकाकीपणा, हे सारे वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांनी परक्या भाषेत लिहिलेले आहे. त्यांचे इंग्रजी कुठे कुठे वाकडे पडते. माझेही तसेच पडत असल्यामुळे मला ते खटकले नाही, उलट जवळचे वाटले. दुसऱ्या बाजूच्या आरंभीचे ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ हे माझ्या मते अल्बममधील सर्वोत्तम गाणे होय: आधी संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखा आरंभ आणि मग गिटारची एकदम येणारी लाट. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले ते हे गाणे, जानेवारी १९८६ मध्ये. ‘लव्ह इज रीझन’ मात्र भरतीचे आहे, आणि ‘आय ड्रीम मायसेल्फ अलाइव्ह’शिवायही माझे काही अडले नसते.

स्वागताच्या बाबतीत दोन देशांचे दोन तऱ्हेचे वागणे दिसते. ब्रिटनमध्ये अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातील चार गाणी पहिल्या दहांत पोहोचली. तिथल्या श्रोत्यांनी निदान अल्बम उलटून पाहिला, असे म्हणता येईल. अमेरिकेत अल्बम पंधराव्या क्रमांकापर्यंत चढला, दुसरे गाणे विसाव्या क्रमांकावर थबकले, आणि नंतर बँड तिथे एका गाण्याचा धनी म्हणूनच ओळखला गेला. ग्रॅमीच्या ‘सर्वोत्कृष्ट नवे कलाकार’ या विभागात १९८६ मध्ये त्यांना नामांकन मिळाले. पुरस्कार शाडे यांना गेला आणि, त्यांचे गाणे ऐकलेल्या कोणालाही, यात अन्याय वाटू नये. किशोरवयीन मुलींच्या मासिकांनी या तिघांचे चेहरे भिंतीवर लावण्याजोगे छापले, आणि भिंतीवर लागलेल्या चेहऱ्याचे संगीत गंभीरपणे ऐकण्याची समीक्षकांना पुष्कळ वर्षे गरज वाटली नाही. पुढे कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिन यांच्यासारख्यांनी या बँडविषयीचा आदर उघडपणे बोलून दाखवला, तेव्हा कुठे हे चित्र थोडे पालटले. २०१७ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावरील गिस्के बेटावर त्यांनी वीजवाद्यांचा झगमगाट बाजूला ठेवून आपली जुनी गाणी वाजवली. त्यातले संथ ‘टेक ऑन मी’ अवश्य ऐका, म्हणजे उडत्या चालीखाली किती अजीजी दडलेली होती ते कळेल.

माझ्या कॅसेटचे पुढे काय झाले, तेही या प्रश्नाशी संबंधित आहे. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तिच्या फितीला बुरशी धरली, आणि ती पुसून काढण्याच्या खटाटोपात आरंभीची हातभर फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून चुरगळली. कॅसेटची एक बाजू जिथे सुरू होते तिथेच दुसरी संपते, त्यामुळे एकाच वेळी दोन गाणी जायबंदी झाली: पहिल्या बाजूचे पहिले ‘टेक ऑन मी’ आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे ‘हिअर आय स्टँड अँड फेस द रेन’, जे गाजण्याच्या वाटेला कधीच गेले नाही. चुरगळलेल्या ‘टेक ऑन मी’ची सुरावट मी बेंजोवर वाजवून घेत असे, त्यामुळे त्याचे फारसे वाईट वाटले नाही. ते दुसरे गाणे मात्र पडवीत बसून पाऊस ऐकताना दर वर्षी आठवे आणि शेवटच्या ओळींपाशी येऊन खरखरत तुटे. ते पुरते ऐकायला मिळाले तेव्हा व्हिडिओ पाहूनही मला पुष्कळ वर्षे झाली होती.