वाचकांचे प्रश्न : कोळंबीची टाकी आणि बागेतले तळे

प्रश्न : माझ्या ६० लिटरच्या टाकीत लाल चेरी कोळंब्या आहेत. दर आठवड्याला मी निम्मे पाणी बदलते आणि टाकी अगदी स्वच्छ ठेवते, तरी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत एखाददुसरी कोळंबी मरते. मेलेल्या कोळंबीच्या मानेमागे पांढरे कडे दिसते. हा कोणता रोग आहे आणि त्यावर औषध काय?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा रोग वाटत नाही, म्हणून टाकीत कोणतेही औषध घालू नये, ही विनंती सर्वांत आधी करतो. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते आणि माशांना सोसवणारी तांब्याची मात्रा कोळंबीचा जीव घेते.

कोळंबीचे कवच शरीराबरोबर वाढत नाही. त्यामुळे पूर्ण वाढलेली चेरी कोळंबी साधारण तीन ते चार आठवड्यांनी कात टाकते, पिल्ले त्याहून लवकर टाकतात. त्या वेळी डोक्याकडचा आणि पोटाकडचा भाग जिथे जुळतो, तिथे कवच पाठीच्या बाजूने उकलते आणि त्या फटीतून कोळंबी एका झटक्यात बाहेर पडते. कवच असे नीट न उकलता सांध्याशी गोल फाटले, तर कोळंबी आतच अडकते. आपल्याला दिसलेले पांढरे कडे म्हणजे ही अर्धवट राहिलेली कात होय. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गरजेपेक्षा कमी किंवा फार जास्त असणे, हे त्याचे एक कारण असते. दुसरे कारण, आणि आपल्या बाबतीत बहुधा हेच असावे, म्हणजे एकाच वेळी निम्मे पाणी बदलल्यामुळे क्षारांचे प्रमाण आणि तापमान अचानक पालटणे. नवे कवच आतून तयार झालेले नसतानाच कोळंबी कात टाकू लागते.

यापुढे आठवड्याला १० ते १५ टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये. नवे पाणी टाकीतल्या पाण्याच्या तापमानावर आणू द्यावे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने दोन्हींची तुलना करावी आणि मग बारीक नळीतून थेंबाथेंबाने तासाभरात सोडावे. चेरी कोळंबीला जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कठीणपणा) ६ ते १०, केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटांचे प्रमाण) २ ते ६ आणि पीएच (आम्लता) ६.५ ते ७.८ मानवतो. परंतु या मर्यादांत एखादा नेमका आकडा गाठण्यासाठी सारखी द्रव्ये घालत राहण्यापेक्षा, जो आकडा आहे तो महिनोन्महिने टिकवणे कितीतरी हिताचे ठरते. आणखी एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मात्र टाकीतच राहतात. ती तूट दर वेळी नळाच्या पाण्याने भरली, तर क्षार साठत जातात. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी. पाणी बदलताना मात्र निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात कवचासाठी लागणारे क्षार जवळजवळ नसतात.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन भांडे दिवसभर उघडे ठेवल्याने बराचसा निघून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र तसे जात नाही. त्यासाठी क्लोरीननाशक द्रव वापरणेच योग्य. टाकीत पारदर्शक, पोकळ कवच आढळले तर ती टाकलेली कात समजावी. ती काढून टाकू नये, कारण कोळंब्या ती खातात आणि तिच्यातले क्षार पुन्हा त्यांच्या अंगी लागतात. मेलेली कोळंबी अपारदर्शक आणि गुलाबीसर दिसते. ती मात्र लगेच काढावी.

प्रश्न : टाकी लावून आठवडा झाला आहे आणि पाणी आरशासारखे नितळ आहे. आता कोळंब्या सोडाव्यात का? सोबत छोटे मासे चालतील का?

उत्तर : आठवडा फार लवकर होतो. पाण्याचा नितळपणा डोळ्यांना दिसतो, अमोनिया दिसत नाही. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतून अमोनिया निर्माण होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही कोळंबीला विषारी आहेत, तर नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळात त्यांनाही अमोनिया हवा असतो, म्हणून रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचे खाद्य घालत राहावे. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले, तरी माझे मत असे की आणखी दोन आठवडे थांबावे. तोवर काचेवर, लाकडावर आणि जावा मॉस या पाणवनस्पतीवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर चढतो. कोळंबीची पिल्ले अन्नाच्या शोधात फार दूर जात नाहीत. हा थर हेच त्यांचे मुख्य अन्न असते आणि तो नसलेल्या टाकीत ती उपाशी मरतात. स्पंज फिल्टर बसवल्यास जिवाणूंना घर मिळते, चरायला जागा होते आणि पिल्ले आत ओढली जात नाहीत.

माशांविषयी बोलायचे तर ज्याच्या तोंडात पिल्लू मावते असा बहुतेक प्रत्येक मासा ते खातो. ओटोसिन्क्लससारखे शेवाळ खाणारे मासे याला बव्हंशी अपवाद आहेत. कोळंबीची वीण वाढवायची असेल तर टाकी फक्त कोळंबीची ठेवावी.

प्रश्न : लाल, पिवळ्या आणि निळ्या कोळंब्या एकत्र ठेवता येतील का? शिवाय माझ्या अमानो कोळंबीच्या पोटाखाली अंडी दिसतात, पण पिल्ले कधीच दिसत नाहीत.

उत्तर : बाजारात मिळणाऱ्या या तिन्ही रंगांच्या कोळंब्या बहुधा निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीच्या असतात. त्या एकत्र नांदतात, परंतु त्यांचा संकर होऊन काही पिढ्यांत बरीचशी प्रजा मूळच्या तपकिरी, पारदर्शक रंगावर जाते. रंग टिकवायचा असेल तर टाक्या वेगळ्या हव्यात. अमानो कोळंबी ही निराळी जात आहे. १९८०च्या दशकात जपानचे ताकाशी आमानो यांनी शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर रूढ केला. चेरी कोळंबीच्या अंड्यातून आईसारखेच छोटे पिल्लू बाहेर येते. अमानोच्या अंड्यातून मात्र सूक्ष्म अळी निघते आणि तिला वाढण्यासाठी खारे पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्यात ती काही दिवसांतच मरते. यात आपले काहीही चुकत नाही.

प्रश्न : बागेत सुमारे १००० लिटरचे सिमेंटचे नवे तळे बांधले आहे. पाणी हिरवेगार झाले असून डासांच्या अळ्याही दिसतात. कोळंब्या सोडल्या तर दोन्ही त्रास मिटतील का? की शेवाळनाशक घालावे?

उत्तर : कोळंबीकडून ही अपेक्षा करू नये. पाणी हिरवे दिसते ते त्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळामुळे. कोळंबी पृष्ठभागावरचा थर खरवडून खाते, तरंगते शेवाळ तिला गाळून घेता येत नाही आणि डासांच्या अळ्यांची ती शिकारही करत नाही. शेवाळनाशक तर मुळीच नको, कारण त्यांपैकी अनेकांत कॉपर सल्फेट असते. शिवाय सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

हिरव्या पाण्याचे मूळ ऊन आणि खत यांत आहे. वाफ्यातले खताचे पाणी तळ्यात उतरत असेल तर काठ थोडा उंच करावा, पडलेली पाने रोज काढावीत आणि कमळासारख्या तरंगत्या पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू द्यावा. पाण्याखाली हॉर्नवॉर्ट ही पाणवनस्पती भरपूर लावावी, कारण ती शेवाळाचे अन्न स्वतःच घेते. अळ्यांसाठी बीटीआय या जिवाणूच्या गोळ्या मिळतात. त्यातले विष डासांच्या अळ्यांच्या आतड्यात काम करते, मासे आणि कोळंब्या यांना त्याचा अपाय होत नाही. गप्पी मासेही अळ्या खातात, पण ते कोळंबीची पिल्लेही खातात. गोल्डफिश आणि कोई मासे असलेल्या तळ्यात कोळंबी सोडण्याचा विचारच करू नये.

तळे नवे आहे, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि पीएच ९ च्याही वर जाऊ शकतो. जलचरांना सुरक्षित असा लेप आतून द्यावा, किंवा तळे भरून काही दिवसांनी रिकामे करावे आणि पीएच स्थिरावेपर्यंत असे अनेकदा करावे. खोली किमान ४५ ते ६० सेंटिमीटर असावी. उथळ पाणी दुपारी झपाट्याने तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून कडक उन्हाळ्यात एअर पंप रात्री तरी चालू ठेवावा. घरात लहान मुले असतील तर तळ्यावर भक्कम जाळी आधी बसवावी आणि मगच पाणी भरावे.

प्रश्न : कोळंब्या फार झाल्या आहेत. जवळच्या ओढ्यात सोडल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया सोडू नयेत. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे उबदार राहणाऱ्या गिलबाख या ओढ्यात चेरी कोळंबीची रानटी वसाहत झाली आहे. पाळीव जीव बाहेर गेले की स्थानिक जीवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतात, आणि त्यांच्यासोबत परजीवीही जातात. जादा कोळंब्या दुसऱ्या हौशी पाळणाऱ्यांना द्याव्यात आणि खाद्य कमी करावे, म्हणजे वीणही आपोआप मंदावते. तळ्याच्या सांडव्यालाही बारीक जाळी लावावी, कारण मोठ्या पावसात पिल्ले त्या वाटेने बाहेर जातात. छाटलेल्या पाणवनस्पती गटारात न टाकता उन्हात कडकडीत वाळवाव्यात आणि मग खताच्या खड्ड्यात घालाव्यात.